झाडीपट्टी रंगभूमी : रोज नवे गाव आणि नाटकाचे रेकॉर्डिंग

परदेशातला एखादा बँड दौऱ्यावर निघतो, शहराशहरांत कार्यक्रम करतो आणि मग त्या कार्यक्रमांचे 'लाइव्ह' रेकॉर्डिंग बाजारात येते, हे तुम्ही ऐकले असेल. असे दौरे आपल्या भंडारा जिल्ह्यातही होतात बरं का! दिवाळी झाली, धान घरात आले की झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्या बाहेर पडतात, त्या थेट होळीच्या आसपासपर्यंत.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा जंगलाचा, धानाचा मुलूख. या कंपन्यांचे मुख्य ठिकाण वडसा, म्हणजेच देसाईगंज. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, रक्कम ठरते, तारीख पक्की होते. मग त्या तारखेला गावात पाहुण्यांची ही गर्दी! लेकीबाळी माहेरी येतात, कुठे कुठे तर सोयरिकीही जुळतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. सकाळी सामान गाडीत भरून कंपनी पुढच्या गावाला. झोप गाडीतच.

पूर्वी ही नाटके शंकरपटाला जोडून असायची. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात पट नव्हता, पण नाटक बंद पडले नाही.

या नाटकाच्याही आधी होती दंडार आणि खडी गंमत. खडी म्हणजे उभी. कलावंत उभ्यानेच गातात, स्त्रीची भूमिका पुरुष करतो, सोबत ढोलकी. संवाद बरेचसे तोंडी, प्रसंग पाहून रचलेले. आता प्रश्न असा, की शंभर वर्षांपूर्वीची दंडार कशी ऐकू येत असेल?

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. पुढे बालगंधर्वांची नाट्यगीतेही तबकडीवर आली, म्हणून आज आपण ती ऐकतो. पण एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. रात्रभराची दंडार त्यात कशी बसणार? त्या काळातल्या दंडारीची तबकडी मी तरी कधी ऐकलेली नाही.

कोणी म्हणेल, संहिता लिहून ठेवली की झाले. नाही ना! आपल्या झाडीबोलीत 'ण' नाही. आपण 'पानी' म्हणतो, 'कोन' म्हणतो. लिहिणारा मात्र शाळेतल्या सवयीने 'पाणी', 'कोण' लिहून मोकळा होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास करून तिचे हे वेगळेपण मांडले. पण हेल, थांबणे, वन्समोअर मिळाल्यावर वाढवलेली ओळ, हे कागदावर उतरत नाही. ते आवाजातच सापडते.

आज मोबाइल आहे. झाडीपट्टीची कितीतरी नाटके यूट्यूबवर दिसतात. यात कंपनीची एक अडचणही आहे. विनोद आधीच घरी पाहिला तर तिकीट कोण काढणार? भीती खोटी नाही. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडने मात्र उलटे केले. १९८४ पासून त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रेक्षकांसाठी वेगळी जागाच ठेवली, आणि तरीही त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी होतच राहिली. कारण रोजचा कार्यक्रम वेगळा असे. आपल्या नाटकातही कालच्या गावचा विनोद आज तसाच येत नाही. मला वाटते, कंपनीला विचारून, हंगाम संपल्यावर रेकॉर्डिंग टाकले तर दोघांचेही भागेल.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात आजोबा किंवा शेजारचे कोणी खडी गंमतीत गायलेले असतील, तर त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. पंखा बंद ठेवा, मोबाइल हातात न धरता उशीवर ठेवा. सुरुवातीलाच गाव, तारीख आणि गाणाऱ्याचे नाव मोठ्याने बोला, नाहीतर चार वर्षांनी आवाज कोणाचा हेच कळत नाही. मधे आजी काही बोलली तर थांबवू नका, तेही राहू द्या.