मेळघाटातील मालवाहतूक व सिटिझन बँड रेडिओ : सिंगल साइडबँड संचाच्या निवडीचा विचार

प्रस्तावना

परतवाड्याहून घटांग, सेमाडोह व हरिसालमार्गे धारणीस जाणारा रस्ता हा मेळघाटातील वाहतुकीचा मुख्य आधार होय. या रस्त्यावर, तसेच घटांगहून चिखलदऱ्याकडे वळणाऱ्या घाटात, मोबाइलचा संकेत सलग मिळत नाही. २०१६ मध्ये हरिसाल हे ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. तथापि गावातील संपर्क आणि दोन गावांमधील रस्त्यावरचा संपर्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. पावसाळ्यात दरड कोसळली, सागाचे झाड आडवे झाले किंवा सिपनेच्या खोऱ्यातील एखाद्या नाल्याला पूर आला, की मालमोटार जेथे असेल तेथेच अडकते आणि मागून येणाऱ्या वाहनास त्याची वार्ता लागत नाही. रुग्णास घेऊन निघालेल्या जीपचीही तीच अवस्था होते.

अशा वेळी ‘अमेरिकेतील ट्रकचालकांप्रमाणे आपणही ट्रकमध्ये सी. बी. रेडिओ का बसवू नये?’ असा प्रश्न विद्यार्थ्यांकडून आणि वाहनमालकांकडूनही विचारला जातो. त्यातही सिंगल साइडबँड असलेला संच घ्यावा, म्हणजे आवाज दूर जातो, असे सांगितले जाते. या समजुतीत तथ्य किती, सातपुड्याच्या या भागात ती कितपत लागू पडते आणि भारतीय नियमांत ती बसते काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

सी. बी. रेडिओची पार्श्वभूमी

अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा सामान्य नागरिकांच्या संभाषणासाठी खुला करण्यात आला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, इंधनाचा तुटवडा भासू लागला, आणि पुढे पंप कोठे चालू आहे, पोलीस कोठे उभे आहेत हे एकमेकांस कळविण्यासाठी ट्रकचालकांनी हा रेडिओ आपलासा केला. १९७७ पासून वाहिन्यांची संख्या २३ वरून ४० झाली. त्यांपैकी १९ वी वाहिनी ट्रकचालकांची आणि ९ वी आपत्कालीन, असा संकेत रूढ आहे. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. या रेडिओचे यश यंत्रापेक्षा संख्येचे होते. रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक ट्रकमध्ये तो असल्यामुळेच हाकेला ओ मिळत असे.

सिंगल साइडबँड म्हणजे काय?

साध्या ए. एम. पद्धतीत एक वाहक लहर व तिच्या दोन्ही बाजूंस आवाजाचे दोन सारखेच पट्टे प्रक्षेपित होतात. पूर्ण मॉड्युलेशन असता एकूण शक्तीपैकी दोन तृतीयांश शक्ती वाहक लहरच घेते आणि तीत आवाज मुळीच नसतो. चार वॅट वाहक शक्तीच्या संचातून एकूण सहा वॅट बाहेर पडले, तर प्रत्येक बाजूपट्ट्याच्या वाट्याला जेमतेम एक वॅट येतो. सिंगल साइडबँड पद्धतीत वाहक लहर व एक बाजूपट्टा काढून टाकतात आणि उरलेल्या एका पट्ट्यातच सर्व शक्ती घालतात. अमेरिकी नियमांनुसार सी. बी. मध्ये अशा प्रक्षेपणाची शिखरशक्ती १२ वॅट असते. पट्ट्याची रुंदी निम्मी झाल्यामुळे ग्राहकात शिरणारा गोंगाटही निम्मा होतो.

हा लाभ खरा आहे. परंतु त्याचे मोजमाप डोळसपणे केले पाहिजे. जमिनीलगतच्या अँटेनांमध्ये सपाट मुलखातही संकेताची शक्ती अंतराच्या साधारण चौथ्या घाताने घटते. म्हणून शक्तीचा लाभ सहा ते दहा पट धरला, तरी पल्ला दीड ते पावणेदोन पटच वाढतो. विक्रेते सांगतात तसा तो कित्येक पट वाढत नाही. शिवाय वाहक लहर नसल्यामुळे ती ग्राहक संचाला स्वतः निर्माण करावी लागते. तिच्यात शे-दोनशे हर्ट्‌झचा फरक पडला तरी बोलणाऱ्याचा आवाज बदकासारखा ऐकू येतो. हा फरक जुळविण्यासाठी संचावर क्लॅरिफायर नावाची कळ असते. घाटात एका हाताने स्टिअरिंग सांभाळणाऱ्या चालकाने ती फिरवीत बसावे, ही अपेक्षा फारशी व्यवहार्य नाही. समोरच्या वाहनात साधा ए. एम. संच असेल, तर त्याला आपले बोलणे निव्वळ खरखर वाटेल, हे आणखी वेगळेच.

भूरचनेचा प्रभाव

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर असून वैराटचे शिखर पावणेबाराशे मीटरच्या आसपास आहे. दक्षिणेस गाविलगडची भिंत एकदम पूर्णेच्या मैदानात उतरते. उत्तरेकडे मात्र सिपना, खापरा, गडगा इत्यादी नद्यांनी कोरलेल्या दऱ्या एकामागून एक लागतात आणि त्यांचे पाणी तापीस मिळते.

अँटेनाची उंची मीटरमध्ये घेतल्यास तिच्या वर्गमुळास ४.१ ने गुणून रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. मैदानापासून सातशे मीटर उंच असलेल्या पठाराच्या काठासाठी ते सुमारे १०९ किलोमीटर येते. म्हणजे चिखलदऱ्याच्या दक्षिण काठावर उभ्या असलेल्या ट्रकला, मधे अडथळा नसल्यास, अचलपूर-परतवाडा तर सोडाच, अमरावतीही दृष्टिरेषेत सापडते. तेथे साधा ए. एम. संचही पुरेसा ठरावा. उलट तीन मीटर उंचीच्या अँटेना असलेले दोन ट्रक मैदानात असतील, तर त्यांचे क्षितिज चौदा किलोमीटरांवरच संपते. सेमाडोहच्या खोऱ्यात तर समोरचा डोंगर हेच क्षितिज असते. ११ मीटर लांबीची २७ मेगाहर्ट्‌झची लहर डोंगरमाथ्यावरून थोडीफार वळते. मोबाइलच्या लहरीपेक्षा ती या बाबतीत उजवी आहे. तरीही डोंगराआड संकेत शंभरपटीने क्षीण होणे काही विशेष नाही आणि सिंगल साइडबँडपासून होणारा दहापट लाभ तेथे बुडून जातो. सारांश, जेथे साइडबँडची गरज कमी तेथे तो उत्तम चालतो आणि जेथे गरज अधिक तेथे अपुरा पडतो.

दरीतून दरीत बोलण्यास उपयोगी सिंगल साइडबँड वेगळा आहे. हौशी रेडिओचालक ७ मेगाहर्ट्‌झवर लहरी जवळजवळ सरळ वर पाठवितात, आयनांबरावरून परावर्तित होऊन त्या शंभर-दोनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात आणि मधल्या डोंगराचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो व धंद्याचे निरोप त्यावर देता येत नाहीत.

ट्रकमध्ये संच बसविताना

पल्ला अँटेना ठरविते, संच नव्हे. २७ मेगाहर्ट्‌झसाठी पाव लहर लांबीची अँटेना पावणेतीन मीटरची होते. तीन मीटर उंच ट्रकवर ती उभी केल्यास घाटातील फांद्या व गावातील विजेच्या तारा यांच्याशी तिची गाठ पडणार. तारेचा धोका येथे जीवघेणा आहे. म्हणून मीटर-दीड मीटरची, गुंडाळी घातलेली अँटेना वापरावी लागते आणि कार्यक्षमता त्या प्रमाणात घटते. अँटेनाच्या खाली धातूचा विस्तृत पृष्ठभागही हवा. आपल्याकडील कित्येक ट्रकांच्या केबिन बॉडीबिल्डरने लाकूड व पत्रा मिळून बांधलेल्या असतात. तेथे हा पृष्ठभाग सलग मिळत नाही आणि अँटेनाकडे गेलेली शक्ती परत फिरते. तिचे मान एस. डब्ल्यू. आर. मीटरने तपासावे. ते दीडपर्यंत असल्यास उत्तम, दोनपर्यंत चालते. तीनच्या पुढे गेल्यास प्रक्षेपण करू नये, कारण संचातील शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो.

दुसरी बाब विजेची. संचाला १२ व्होल्ट लागतात, तर मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच जोड घेण्याची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास केली जाते. तीमुळे एक बॅटरी कमी व दुसरी जास्त भारित होऊन दोन्ही लवकर निकामी होतात. त्यासाठी २४ ते १२ व्होल्टचा, रेडिओत गोंगाट न घालणारा कन्व्हर्टर घ्यावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसल्याने एक त्रास वाचतो. अल्टरनेटरची शीळ मात्र ऐकू येतेच; म्हणून नॉइज ब्लँकर असलेला संच निवडणे इष्ट होय.

नियमांची चौकट

येथवरची चर्चा तांत्रिक झाली. भारतात २००५ च्या नियमांनी सिटिझन बँडला परवान्यातून सूट मिळाली, परंतु ती कमाल ५ वॅट शक्तीच्या व अंगभूत अँटेना असलेल्या संचांपुरती. १२ वॅट शिखरशक्तीचा, टपावर स्वतंत्र अँटेना लावलेला अमेरिकी बनावटीचा संच या सवलतीत दोन्ही कारणांनी बसत नाही. त्याच्या अगदी वरच्या वाहिन्याही आपल्या पट्ट्याबाहेर जातात. बाजारात वा ऑनलाइन मिळतो म्हणून तो वैध ठरत नाही. वॉकीटॉकीच्या अशा विक्रीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत विनापरवाना प्रक्षेपक बाळगणे चालकाला किती महागात पडेल, हे सांगावयास नको.

तेव्हा एखाद-दुसऱ्या ट्रकच्या मालकाने साइडबँडचा संच खरेदी करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांची अनेक वाहने याच मार्गावर नित्य धावतात, त्यांनी दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ संकेतस्थळावरून खासगी वापराच्या व्ही. एच. एफ. परवान्यासाठी अर्ज करावा. वनविभागाचे बिनतारी जाळे याच पट्ट्यात वर्षानुवर्षे चालते. उंचावरील पुनःप्रक्षेपकाची जागा त्यात कळीची असते. दोन-चार जीप एकत्र निघणार असतील, तर २०१८ मध्ये परवानामुक्त झालेल्या ४४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील मान्यताप्राप्त हातसंच पुरतात. वळणापलीकडच्या वाहनाला सावध करणे एवढेच काम त्यांच्याकडून घ्यावे.

महाविद्यालयांच्या भूगोल व इलेक्ट्रॉनिक्स विभागांना यात एक उपयुक्त प्रकल्प आहे. २७ मेगाहर्ट्‌झचे सवलतीत बसणारे हातसंच आणि ४४६ मेगाहर्ट्‌झचे हातसंच घेऊन दोन वाहने घटांग ते हरिसाल रस्त्यावर ठरावीक अंतराने चालवावीत आणि आवाज कोठे तुटतो ते नकाशावर टिपावे. ही पाहणी एकदा मे महिन्यात, साग निष्पर्ण असताना, व एकदा ऑगस्टमध्ये करावी. ओल्या पानांचा अडथळा ४४६ वर अधिक जाणवेल व २७ वर फारसा जाणवणार नाही, असे अनुमान आहे. तुटीच्या जागांची ही यादी परतवाड्याच्या लाकूड आगारात व धारणीच्या बसस्थानकावर लावता येईल.