स्वेडच्या बुटांवरचं मीठ

टोरांटोतल्या हिवाळ्यात बूट खराब करतं ते बर्फ नव्हे, मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर, फुटपाथवर, अगदी दुकानांच्या पायऱ्यांवरही ते पसरलेलं असतं. पारा उणे दहाच्या खाली गेला की साधं मीठ फारसं काम करत नाही. मग कॅल्शियम क्लोराईड येतं. ते हवेतलाही ओलावा ओढून घेतं, त्यामुळे बूट लवकर सुकतच नाहीत.

स्वेड म्हणजे चामड्याची आतली बाजू, घासून लव उठवलेली. वर गुळगुळीत थर नसल्यामुळे खारट पाणी सरळ आत मुरतं. रात्री घरातल्या उबेत पाणी उडून जातं आणि मीठ वर येऊन बसतं. सकाळी बघावं तर तळव्याच्या वर दोन बोटांवर पांढरी, नागमोडी रेघ! जुन्या भिंतीला लोणा फुटतो ना, तसंच हे. वरचं कितीही खरवडा, आतलं पुन्हा बाहेर येणारच. म्हणून नुसतं घासण्यात अर्थ नाही, मीठ विरघळवून टिपून घ्यायला हवं.

बूट आधी पूर्ण सुकू द्यायचे. आत कागद कोंबायचे. हीटरजवळ मात्र ठेवायचे नाहीत, चामडं आकसून कडक होतं. मग ब्रशने वरची पूड झटकायची. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म घेऊन त्यात सुती फडकं बुडवायचं आणि घट्ट पिळायचं. टाचेजवळ एका कोपऱ्यात रंग उतरतो का ते बघून घ्या, कारण गडद स्वेड कधीकधी फडक्यालाच लागतं. मीठ विरघळतं ते मुख्यतः पाण्यात. व्हिनेगरने चुनखडीसारखे पांढरे डागही सुटतात. शिवाय कमावलेलं चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, त्याला साबणापेक्षा हे मानवतं.

खरी मेख पुढे आहे. नुसता डाग ओला केला, तर सुकताना त्याच्या कडेला नवी रेघ उमटते. म्हणून शिवणीपासून शिवणीपर्यंतचा सगळा तुकडा सारखा दमट करायचा आणि कोरड्या फडक्याने दाबून टिपायचं. रेघ पुसट दिसत राहिली, तर सुकल्यावर पुन्हा एकदा.

यंदा सांगलीहून आलेल्या सासूबाई हा खटाटोप बघत होत्या. ‘अगं, त्यापेक्षा पॉलिश मार की!’

‘नको हो आई, मेणाने लव चिकटून बसते.’

सुकल्यावर लव दबलेली दिसतेच. केटलीच्या वाफेवर बूट क्षणभर, जरा लांबून धरायचा आणि ब्रश एकाच दिशेने फिरवायचा. हट्टी जागी शाळेतलं पांढरं खोडरबर चालतं. स्वेडचा स्प्रे मारायचा तो स्वच्छ, कोरड्या बुटावर आणि बाल्कनीत, कारण वास डोक्यात जातो. पण स्प्रेच्या भरवशावर बस स्टॉपजवळच्या चिखलबर्फात पाय घालू नका. तशा दिवशी मी रबरी बूट घालून निघते आणि स्वेडचे पिशवीतून ऑफिसात नेते.