ओळखीचे आकडे आणि गुपिताचे आकडे

नोव्हेंबर आला की निवृत्त शिक्षकांची हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत ये-जा सुरू होते. नेमक्या याच दिवसांत काहींना फोन येतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. नाव, निवृत्तीची तारीख, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक सारे बिनचूक सांगतो आणि म्हणतो, "सर, दाखला इथूनच भरून देतो. मोबाइलवर आलेले सहा आकडे तेवढे सांगा." एवढी माहिती असणारा माणूस पेन्शन कार्यालयातलाच असला पाहिजे, असे कुणालाही वाटेल. हा तर्क कुठे चुकतो?

आपण वापरतो ते आकडे दोन जातींचे असतात. पहिले ओळखीचे, म्हणजे हजेरीपटावरच्या क्रमांकासारखे. दुसऱ्याला कळणे हेच त्यांचे काम. आधार क्रमांक, खाते क्रमांक, पेन्शनचा क्रमांक हे असे आकडे. झेरॉक्सच्या दुकानापासून सिमकार्ड विकणाऱ्यापर्यंत किती हातांतून ते जातात, हे आठवून पाहा.

कार्डावरच्या सोळा आकड्यांचेच घेऊ. त्यांतले सुरुवातीचे सहा (नव्या पद्धतीत आठ) आकडे कार्ड कोणत्या बँकेचे आहे ते दाखवतात, म्हणून त्या बँकेच्या तशा असंख्य कार्डांवर ते सारखेच असतात. शेवटचा आकडा तर आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला तर लगेच लक्षात यावे, एवढाच त्याचा उपयोग. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी शोधलेल्या या रीतीला १९६० मध्ये पेटंट मिळाले. (आठवी-नववीच्या मुलांना ती फार आवडते.) तेव्हा "तुमच्या कार्डाचे पहिले आकडे अमुक आहेत ना?" असे विचारणाऱ्याला तुमची बँक ठाऊक आहे, एवढेच सिद्ध होते.

दुसरी जात गुपिताच्या आकड्यांची: पिन आणि ओटीपी. सहा आकड्यांचा ओटीपी १० लाख प्रकारांनी असू शकतो. तीनच वेळा प्रयत्न करू दिले, तर अंदाजाने तो जुळण्याची शक्यता १० लाखांत ३. शिवाय काही मिनिटांत तो बाद होतो. वर्गात एका मुलाला तीनच आकडी संख्या मनात धरायला सांगा आणि बाकीच्यांना ओळखू द्या, म्हणजे हे काम किती अवघड आहे ते कळेल. चोरालाही ते कळते. म्हणून तो अंदाज करत बसत नाही, सरळ विचारतो.

आणि आपण सांगतो, कारण ओळख पटवण्याची ही व्यवस्था एकतर्फी आहे. आपण कोण हे बँक पिन मागून तपासते, पण फोनवर बोलणारा बँकेचाच आहे का, हे तपासायचे साधन आपल्या हातात नसते. फोनवर उमटलेला नंबरही पुरावा नव्हे, तो खोटा दाखवता येतो. आमच्या मते यावर एकच खात्रीचा उपाय आहे: फोन ठेवायचा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आपण होऊन फोन करायचा. खरा कर्मचारी यावर रागावणार नाही. घाई करणारा, धमकावणारा मात्र ओळखू येईल.

यूपीआयची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना, पैसे घेताना कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका" असे म्हणणारा पैसे नेत असतो.

पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला ताबडतोब कळवावे. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर हलवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात ते असतानाच बँकेला सूचना मिळाली, तर तिथे ते अडवता येतात. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ लिहून समोर ठेवावी.