गंज वरचा, झीज आतली

जुनी यंत्रं, चालती यंत्रं : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या शेतांवरची पवनचक्की पाणी कसं उपसते ते पाहिलं. वाऱ्यावर चाक फिरतं, पेटीतली दंतचक्रं त्या फिरण्यातून वर-खाली हालचाल काढतात आणि लांब दांडा विहिरीतला पंप हलवतो. आज तीच चक्की खाली उतरवून, सुटी करून पुन्हा चालती करायची आहे. उदाहरणाला एअरमोटर कंपनीची ८ फुटी चक्की घेऊ. टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंतच्या माळरानांवर ही सगळीकडे भेटते, आणि गंजलेल्या अवस्थेत पडलेलीही हीच सापडते.

तिचा जन्म प्रयोगांतून झाला. टॉमस पेरी या अभियंत्याने १८८२-८३ मध्ये बंदिस्त जागेत, वाफेच्या इंजिनाने फिरणाऱ्या लांब दांड्याला तऱ्हतऱ्हेची चाकं लावून ५,००० हून अधिक चाचण्या घेतल्या. त्यातून निघालेलं, वळवलेल्या पोलादी पात्यांचं चाक तेव्हाच्या लाकडी चाकापेक्षा ८७ टक्के सरस ठरलं. लाव्हर्न नॉइस यांच्या साथीने १८८८ साली शिकागोत त्याचं उत्पादन सुरू झालं, तेव्हा प्रतिस्पर्धी तिला ‘गणिती पवनचक्की’ म्हणून हिणवत. पण दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवायचं साल वेगळं आहे : १९१५. त्याआधी कुणालातरी सारखं मनोऱ्यावर चढून उघड्या बेअरिंगना तेल घालावं लागे. १९१५ च्या रचनेत दंतचक्रं बंद बिडाच्या पेटीत, तेलात बुडालेली ठेवली गेली. मोठी चक्रं फिरताना स्वतःच तेल वर नेतात, ते बेअरिंगमधून फिरून पेटीत परत येतं. वर्षातून एकदा तेल बदललं की झालं.

ते एकदाचं तेल बदलणंही थांबलं की चक्कीचा शेवट सुरू होतो. आपली नजर मात्र जाते ती गंजाकडे. शेपटीवरचे तांबूस ओघळ, वाकलेली पाती, पोपडे धरलेला मनोरा पाहून माणूस तारेचा ब्रश उचलतो. माझं ठाम मत असं की ब्रश सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. पाती आणि शेपूट जागोजागी गंजूनही चक्की वर्षानुवर्षं पाणी ओढत राहते. पेटी कोरडी पडली, तर बाहेरून ठाकठीक दिसणारी चक्कीही आतून संपलेली असते.

उतरवायला बिनवाऱ्याचा दिवस लागतो. आधी चक्की ‘मिटवायची’, म्हणजे खालची तार ओढून चाक शेपटीला समांतर आणायचं, मग चाक मनोऱ्याला दोराने घट्ट बांधायचं. चाक, शेपूट, पेटी मिळून वजन १६० किलोंच्या घरात जातं. ते एकदम उतरवायचा मोह नको. वरची लाकडी फळी कुजलेली असणार हे गृहीत धरून कमरेचा पट्टा थेट मनोऱ्याला अडकवावा. पेटीचं टोपण उचलताना आधी काठीने ठोकून पाहावं, कारण गांधीलमाशांना ही जागा फार आवडते.

चाकाची १८ पाती सहा भागांत असतात, प्रत्येक भागात तीन. एक भाग काढला की त्याच्या समोरचा काढायचा. एकाच बाजूचे काढत गेलात तर उरलेली बाजू जड होऊन चाक गर्रकन फिरतं आणि हात सापडतो. बैलगाडीच्या चाकासारखे मग तुंबा आणि आरे तेवढे उरतात. शेवटी शेपूट, आणि मग मनोऱ्याच्या माथ्यावर बांधलेल्या खांबाला कप्पी लावून पेटी तिच्या उभ्या नळावरून अलगद उचलायची. प्रत्येक भागाला तारेने चिठ्ठी बांधावी. बिडाच्या भागांवर ओतीव क्रमांक असतात, ते उतरवून घ्यावेत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोला एअरमोटर आजही सुरू आहे आणि सुटे भाग मिळवताना हेच क्रमांक कामी येतात.

गंजलेल्या बोल्टशी घाई केली तर तो तुटतो. आत झिरपणारं तेल सोडून रात्रभर थांबावं, हातोडीने हलके ठोके द्यावेत, पुन्हा तेल. नट तापवायचा तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : या चक्कीच्या पोलादावर जस्ताचा मुलामा आहे. तापलेल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. काम उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून करावं.

आता पेटी. तळाला पाणी साठलेलं असतं, कारण तेल त्याच्यावर तरंगतं. त्याखालच्या काळ्या गाळात बोट फिरवून ते उन्हात धरावं. चकाकणारे कण दिसले तर समजावं, बेअरिंग खाल्लं गेलंय. नंतर आस धरून वर-खाली हलवून पाहावा. हाताला खडखड जाणवली की संशय उरत नाही. पेटीला बंदुकीच्या गोळीचं भोक आहे का, हेही इथेच पाहावं. माळरानावर नेमबाजीसाठी पवनचक्की हे सोपं लक्ष्य असे. शेपटीतल्या भोकांनी काही बिघडत नाही आणि ती मी तशीच ठेवीन. पेटीतल्या एका भोकातून मात्र सगळं तेल वाहून जातं.

झिजलेलं बेअरिंग बॅबिटचं, ओतीव असेल तर ते नव्याने ओतावं लागतं. बॅबिट हा मऊ धातू, कथिल, अँटिमनी आणि तांब्याचा. स्वस्त प्रकारात शिसं असतं. जुना धातू वितळवून काढायचा, बीड चांगलं तापवायचं, आस नेमका मधोमध टेकवायचा आणि त्याला दिव्याची काजळी धरायची, म्हणजे धातू चिकटत नाही. टोकं चिकणमातीसारख्या पुटीने बंद करायची. धातू तयार झाला का, हे जुने कारागीर पाइनच्या काडीने पाहत. काडी बुडवून काढल्यावर तपकिरी करपली तर बरोबर. पेटली तर धातू फार तापलाय. ओतायचं ते एका दमात. साच्यात पाण्याचा थेंब असेल तर त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो, म्हणून बीड तापवण्याची पायरी कधीच गाळायची नाही.

इतकं झाल्यावर गंज. मुलामा नसलेल्या बिडाच्या भागांना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला आणि धन टोक भंगार लोखंडाला जोडावं. गंज भुसभुशीत होऊन सुटतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजनही निघतो, तेव्हा जागा मोकळी हवी. पात्यांना मात्र वाळूचा मारा नको. गंजासोबत उरलंसुरलं जस्तही उडतं आणि नंतर पातं आणखी वेगाने गंजतं. नरम ब्रश आणि गंजलेल्या जागेपुरता जस्ताचा रंग पुरतो.

जोडणी उलट्या क्रमाने होते. तिच्यात शेपटीची स्प्रिंग हा सर्वांत दुर्लक्षित भाग. चाकाचा आस मनोऱ्याच्या मध्यापासून थोडा बाजूला असतो, त्यामुळे वारा चाकाला सतत कडेला ढकलत असतो आणि स्प्रिंग त्याला धरून ठेवते. ताशी ४० किलोमीटरच्या सुमारास वारा जिंकतो आणि चाक आपोआप मिटू लागतं. जुनी स्प्रिंग मोडली म्हणून हाताशी असलेली जाडजूड लावली की चाक वादळातही तोंड फिरवत नाही आणि पाती उडून जातात. आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या तीन पात्यांच्या टर्बाइनला वेग आवरायला स्वतंत्र यंत्रणा असते. इथे हे एवढंसं वेटोळंच सगळी राखण करतं.

मनोऱ्यावर चढवण्याआधी चक्की जमिनीलगतच्या बुटक्या चौकटीवर फिरवून पाहावी. तेल भरावं, चाक हाताने फिरवावं आणि मोठ्या चक्रांसोबत तेल वर चढून दोन्ही बेअरिंगपर्यंत पोचतंय का ते टोपण उघडून बघावं. थोडा वेळ चालल्यावर तुंब्याला हात लावावा. तो गरम लागला तर आस पुन्हा काढायचा, बॅबिट खरवडून जागा करायची. पंपाचा दांडा यानंतरच जोडायचा. विहिरीतला पंप आणि त्यातले कातड्याचे वायसर पुढच्या लेखांकात उघडू.