अकरा टिकल्या

आरशावर अकरा टिकल्या आहेत. दोनदा मोजल्या. सात मरून, दोन काळ्या, एक हिरव्या खड्याची, आणि एक इतकी बारीक की आधी मला तो पारा उडाल्याचा ठिपका वाटला. हातभर उंचीचा आरसा. लासूर स्टेशनच्या पेठेतल्या एका फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत, पडद्याला लागून टांगलेला. त्याखाली फळी, फळीवर पावडरचा डबा, डब्यावर करडा पडलेला पफ आणि सुतळीने खिळ्याला बांधलेला कंगवा.

"कंगवा बांधून का ठेवलाय, काका?"

"नाही तर जातोय ना ताई," स्टुडिओवाले काका काउंटरवरूनच सांगतात. "पावडर कुणी नेत नाही. कंगवा नेतात."

आजचा माझा नियम एकच आहे. चेहरा काढायचा नाही. मी लग्नाचे फोटो काढून पोट भरते, आणि मेकअप केलेले चेहरे इतके काढलेत की आता नवऱ्या मला एकमेकींच्या बहिणी वाटायला लागल्यात. तोच गुलाबी गाल, तीच कोरलेली भिवई. पण विदाईनंतर खोली आवरताना खुर्चीवर पडलेला टॉवेल दिसतो. त्यावर गव्हाळ रंगाचा अर्धा गाल, काजळाचे दोन ओघळ, ओठ पुसल्याची तिरकी रेघ. तो टॉवेल मात्र दर लग्नात वेगळा असतो. गेल्या हंगामात तो नजरेत भरला, आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी हेच शोधत फिरते: अंगावरून उतरून वस्तूंना लागलेला शृंगार.

सकाळी गाडीतून उतरले तेव्हा बाजार नुकता भरत होता. दाक्षायणी देवीचं मूळ लासूर शिवना नदीच्या काठी. हे त्यापासून वेगळं, रुळांच्या आधाराने वाढलेलं गाव. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून हैदराबादकडे मीटरगेज रूळ पडले आणि मालाच्या चढउताराला इथं जागा झाली. पुढे कापूस आला, कांदा आला, बाजार समिती आली. आजूबाजूच्या खेड्यातला माणूस नुसतं "स्टेशनला जाऊन येतो" म्हणतो, तेव्हा त्याला गाडी पकडायची असेलच असं नाही.

बाजारात पहिला फोटो मिळाला तो कटलरीच्या दुकानात. पालाखाली बांगड्या, रिबिनी, पिना, टिकल्यांची पाकिटं. मागे बसलेल्या बाईच्या डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत लिपस्टिकच्या रेघा. गिऱ्हाइकानं रंग विचारला की ती स्वतःच्या हातावर एक ओढून दाखवते. साडेदहालाच नऊ झाल्या होत्या, आणि कोणती रेघ कोणासाठी ओढली ते तिला पाठ होतं. ही कॉलेजच्या पोरीनं बघितली, घेतली नाही. ही नव्या सुनेला सासूनं घेऊन दिली. आणि ही, सगळ्यात गडद, एका आजीनं नुसतीच "बघू बघू" म्हणून ओढायला लावली आणि हसत निघून गेली. मी हात तेवढा काढला. बाईनं विचारलं, "तोंड नको?" मी नको म्हटल्यावर तिला जरा राग आला असावा. वीस रुपयांच्या पिना घेतल्या तेव्हा तो उतरला.

शेजारी हळदी-कुंकवाचे ढीग. कुंकू मोजणाऱ्या आजोबांच्या बोटांची पेरं कायमची लाल, आणि त्या बोटांनी दिलेल्या दहाच्या नोटेवरही अंगठा उमटलेला. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच. हळदीला चुना, सवागी असं काही लागलं की ती लाल होते. म्हणून तर हळदीचा डाग साबणानं चोळला की भडकतो आणि लिंबानं परत पिवळ्यावर येतो. आजोबांचं म्हणणं, आता कुंकू देवाला लागतं, बायका पाकिटं नेतात. ती नोट मी खर्च केली नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.

तर स्टुडिओ. आरशाचा फोटो काढणं दिसतं तितकं सोपं नाही. समोर उभं राहिलं की आपणच येतो. बाजूला सरकावं तर टिकल्या पातळ दिसतात. शिवाय कॅमेरा स्वतः होऊन टिकलीवर थांबत नाही. त्याला आरशातला माणूस हवा असतो, आणि आरशातला माणूस काचेवर नसतो. काचेपासून जितका अलीकडे उभा, तितकाच पलीकडे. मी ऑटोफोकस बंद करते आणि हातानं कडी फिरवत नेते. एका क्षणी टिकल्या लख्ख होतात, त्यांच्या कडेला चिकटलेला पावडरचा कण न् कण दिसतो, आणि मागची सगळी खोली विरघळते. काकांना सांगून एक दिवा खाली, अगदी भिंतीलगत ठेवते. उजेड तिरका आला की काचेवर बोटांचे ठसे उभे राहतात. खालच्या बाजूला लहान मुलाचा पंजा आहे. त्याच्या वर, बरोबर बाईच्या तोंडाच्या उंचीला, धुरकट गोल डाग. कुणीतरी अगदी जवळ जाऊन ओठ बघितले असणार.

"पुसू का?" काका फडकं घेऊन येतात.

"नको, नको."

"घरचे म्हणतात आरसा घाण आहे. तुम्ही त्याचाच फोटू काढायलात."

टिकल्या इथं का राहतात, हे मी विचारते. काका म्हणतात, पासपोर्टच्या फोटोला उजेड पडला की खड्याची टिकली चमकते, म्हणून ते काढायला सांगतात. काहीजणी साधी लावतात, खड्याची इथं विसरतात. काही जणींना दुसरंच कारण असतं. ते कारण काका सांगत नाहीत.

खिळ्याला काळा कोट अडकवलेला आहे. आडनावं, जाती, पक्ष सगळं पार करून गावातले निम्मे पुरुष या एका कोटात फोटोला बसलेत. हल्ली कोट कॉम्प्युटरवर चढवतात, तरी काही जणांना अंगावर घातल्याशिवाय फोटो खरा वाटत नाही. कोटाची कॉलर आतून मी उलटते. पांढरी पावडर, त्यावर तेल, त्यावर पुन्हा पावडर. पुरुष मेकअप करत नाहीत हे मला कुणी यापुढे सांगू नये. त्या कॉलरचे मी चौदा फोटो काढते.

बाहेरून आवाज येतो. "फोटू काढायचाय. फारमाला."

चाळिशीच्या आतबाहेरची बाई, अंगावर फिकट हिरवी साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मी कोपऱ्यात सरकते. काका माझ्याकडे बोट करून "त्या आरशाचे फोटू काढायल्यात" एवढीच ओळख करून देतात. बाईला त्यात काही विशेष वाटत नाही. ती आरशासमोर येते, कंगवा सुतळी पुरेल तितका ओढून केस चापून घेते, पदर खांद्यावरून सारखा करते. पफ उचलते, वास घेते, परत ठेवते. मग नखानं कपाळावरची टिकली उचलते आणि आरशावर लावते.

"टिकली राहिली तरी चालतंय की," काका म्हणतात.

"निराधारचा फारम आहे," ती म्हणते. "टिकली बघून म्हणतील, हिचा नवरा जिता आहे."

असा नियम मी कुठे वाचलेला नाही. काकांनीही नाही, पण ते वाद घालत नाहीत. मला हेरवाड आठवतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी तो कित्ता गिरवावा असं सुचवलं. ही बाई रोज टिकली लावते, म्हणजे तिचा ठराव तिनं कधीच केलेला आहे. फोटोपुरता तो मागे घेतला, इतकंच.

ती स्टुलावर बसते. मागे पांढरा पडदा, दोन्ही बाजूंनी छत्र्या. तेव्हा मला दिसतं. तिच्या कपाळावर दोन भिवयांच्या मध्ये टिकलीच्याच मापाचा फिकट गोल आहे. उजेडात आणखी फिकट. हे नुसतं ऊन न लागल्यामुळे होत नाही. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतं. वर्षानुवर्षं एकाच जागी टिकली लावली की खालची कातडी पांढरी पडत जाते. कातडीच्या डॉक्टरांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. म्हणजे टिकली काढली तरी टिकलीची जागा राहते, आणि ती जागा फोटोत येणार.

माझा नियम इथं अडतो. दिवसभर वस्तूंवर शोधत होते ते कपाळावरच आहे, आणि कपाळ चेहऱ्यात आहे. विचारावं का? कॅमेरा हातात आहे, लेन्स तीच आहे. मी विचारत नाही. सभ्यपणामुळे की भीतीमुळे, ते मलाही सांगता येणार नाही.

काका तीन फोटो काढतात, तिसरा पसंत करतात आणि बाहेर कॉम्प्युटरवर बसतात. आम्ही दोघी मागे उभ्या. पडद्यावर चेहरा मोठा होतो. उजवीकडच्या खिडकीत त्यांची फोल्डर दिसतात: कोट, साडी, हार, टिकली. टिकलीच्या फोल्डरबद्दल मी विचारते.

"गेलेल्या माणसांच्या फोटूला," काका माऊस न थांबवता म्हणतात. "आधार कार्डावरनं मोठा करून मागतात. आई अहेव गेली असली तर मोठं कुंकू लावा म्हणतात. म्हातारीनं आयुष्यात एवढं मोठं लावलं नसंल."

जुन्या फोटोंमध्येही कपाळांवर असाच हात फिरलेला असायचा, फक्त त्याचं कारण वेगळं होतं. सुरुवातीला फोटो ज्या काचेच्या प्लेटवर उतरत, त्या काचेला लाल रंग दिसतच नसे, कुंकू काळं येई, कपाळाला भोक पडल्यासारखं. हैदराबादला निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. तिथं बसलेल्यांच्या विड्यानं रंगलेल्या ओठांचं त्या काचेवर काय झालं असेल? पुढे लाल ओळखणारी फिल्म आली, तर काळ्या-पांढऱ्यात कुंकू उलट फिकं पडायला लागलं, आणि मग छापलेल्या फोटोवर बारीक कुंचल्यानं ते गडद करून द्यायची पद्धत पडली. एकूण काय, कुंकू जसं होतं तसं आलेलं मी फार थोड्या जुन्या फोटोंत पाहिलंय.

काकांचा हात सवयीचा आहे. पार्श्वभूमी पांढरी. चेहरा थोडा उजळ. गालावरचा वांग जातो. मग बाण कपाळावर येतो, गोलाच्या शेजारची कातडी उचलतो आणि गोलावर ठेवतो. एकदा. दोनदा. गोल गेला.

बाई त्या वेळी पिशवीत सुटे पैसे शोधते आहे. मी बघते आहे. काकांनी तिला विचारलं नाही, कारण डाग काढायला कुणी विचारत नाही. तो कामाचा भाग आहे, कोणतंही गिऱ्हाईक डाग काढल्याबद्दल तक्रार करत नाही. मीही लग्नांच्या अल्बममध्ये हेच करते, रात्री दोन दोन वाजेपर्यंत. तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळते.

प्रिंटर कुरकुरतो. चार बाय सहाच्या कागदावर आठ कपाळं, आठही एकसारखी कोरी. काका कात्रीनं कापून पाकिटात घालतात. ती एक बाहेर काढून बघते, हातभर लांब धरून.

"गोरी केली की मला," ती म्हणते, आणि हसते.

मग आरशाकडे परत येते. आपली टिकली बरोबर ओळखते, नखानं काढते, कपाळावर दाबते. ती राहत नाही. डिंकाला काचेवरची पावडर लागली आहे. जीभ लावून पुन्हा दाबते, पुन्हा सुटते. ती टिकली परत आरशावर टेकवते, तिथं मात्र ती कशीबशी राहते. पिशवीतून नवं पाकीट काढते, माझ्याकडे न बघता विचारते, "मधोमध आहे का?"

"जरा उजवीकडे."

"आता?"

"आता बरोबर."

ती जाते. आरशावर आता बारा आहेत. बाराव्या टिकलीचा फोटो मी काढते. कडा थोडी उचललेली, मागच्या बाजूला ओल.

संध्याकाळी फलाटावर गर्दी आहे. कांद्याचा वास, पोत्यांवर बसलेली माणसं. गाडी उशिरा येते, खिडकीशी जागा मिळते. काचेवर आधीच्या कुणाच्या तरी डोक्याचं तेल, वाटोळं, मध्ये केसांच्या बारीक रेघा. मी त्याचा फोटो घेते आणि मग दिवसभराचे फोटो मागे मागे नेत बघते. कॉलर, कॉलर, कॉलर. नऊ रेघांचा हात. आरसा.

अकरा टिकल्यांच्या फोटोंमधला एक मला आठवत नव्हता. ती आत आली, त्या क्षणी माझं बोट दाबलं गेलं असणार. टिकल्या लख्ख आहेत, आणि त्यांच्या मागे, काचेच्या पलीकडे, फिकट हिरवं काहीतरी आणि त्यावर चेहऱ्याएवढा पिंगट ढग. मी तो मोठा करत नेते. ढगात मध्यावर एक गडद ठिपका आहे. ती टिकली असेल, डोळा असेल, किंवा काचेवरचाच डाग असेल. आणखी मोठा केल्यावर नुसते चौकोन उरतात.

समोरच्या बाकावरची मुलगी आईच्या मांडीवर उभी राहून खिडकीच्या काचेला नाक लावते. पोटूळ येतं.