सज्जातील फिर्यादी

रंगमंचाला अगदी लागून असलेल्या बॉक्समध्ये बसायचे, समोर जे जे म्हणून सादर होईल त्याला नावे ठेवायची, आपल्याच शेऱ्यावर खांदे उडवीत हसायचे आणि पुढच्या खेळाला पुन्हा त्याच खुर्च्यांवर हजर व्हायचे, हा ज्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ, ते ‘द मपेट शो’मधील स्टॅटलर आणि वाल्डॉर्फ हे दोन वृद्ध बाहुले माझ्या मनात फार दिवसांपासून ठाण मांडून बसले आहेत. केर्मिट बेडकाची अगतिक धावपळ आणि मिस पिगीचा तोरा यांचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. माझी नजर मात्र नेहमी वर, त्या बॉक्सकडे वळे, आणि ज्यांना इथले काहीच आवडत नाही ते दर खेळाला इथे येतात तरी कशासाठी, हा प्रश्न मला छळीत असे. त्याचा माग काढता काढता मी दूरचित्रवाणीच्या इतिहासातून निघून लंडनमधील १८०९ सालच्या एका दंगलीपाशी आणि त्या दंगलीतून उद्भवलेल्या एका फिर्यादीपाशी जाऊन पोहोचलो, आणि त्या फिर्यादीतील न्यायाधीशांच्या निवेदनात या म्हाताऱ्यांची जितकी उत्तम कैफियत मला सापडली तितकी त्यांच्यावर लिहिणाऱ्या कोणाच्याही लेखात सापडली नाही.

अमेरिकेतील मोठ्या वाहिन्यांनी नाकारलेला जिम हेन्सन यांचा हा कार्यक्रम लू ग्रेड या ब्रिटिश निर्मात्याने कसा उचलून धरला, आणि १९७६ ते १९८१ या काळात लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत त्याचे १२० भाग कसे तयार झाले, हे जाणकार वाचकांना ठाऊक आहे. तितके ठाऊक नसलेले असे, की या दोघांचा जन्म बॉक्समध्ये झालेलाच नाही. १९७५ च्या मार्चमध्ये एबीसी वाहिनीवर जो नमुन्याचा भाग दाखविण्यात आला त्यात ते एका दिवाणखान्यातील आरामखुर्च्यांत बसून गतकाळाविषयी कुरकुरताना दिसतात. बॉनी एरिक्सन या शिल्पनिपुण स्त्रीने त्यांना घडविले; मिस पिगीही तिचीच निर्मिती. आरामखुर्चीतून उचलून त्यांना नाट्यगृहात आणून बसविणे हा बदल वरवर किरकोळ वाटला, तरी माझ्या मते या जोडीचे सारे भाग्य त्यातच आहे. दिवाणखान्यातील म्हाताऱ्याची कुरकुर ही केवळ वयाची कुरकुर असते. नाट्यगृहातील म्हाताऱ्याच्या कुरकुरीला तिकिटाचा आधार असतो आणि समोर उभा असलेला प्रतिवादी असतो.

त्यांची नावे न्यूयॉर्कच्या दोन प्रसिद्ध हॉटेलांवरून घेतलेली आहेत. एल्सवर्थ स्टॅटलर याने १९०८ मध्ये बफेलो शहरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह देऊन मध्यमवर्गीय प्रवाशाला सुखसोय उपलब्ध करून दिली, आणि त्याच्या नावाची हॉटेले पुढे शहरोशहरी झाली. वाल्डॉर्फ-अॅस्टोरिया ही श्रीमंतांची मिरास. पुढे कॉनरॅड हिल्टनने वाल्डॉर्फ-अॅस्टोरिया १९४९ मध्ये आणि स्टॅटलरची हॉटेले १९५४ मध्ये आपल्या कब्जात घेतली, तेव्हा ही दोन्ही नावे एकाच मालकाच्या वहीत आली. एका भागात वाल्डॉर्फची पत्नीही बॉक्समध्ये येऊन बसते आणि तिचे नाव अर्थातच अॅस्टोरिया असते.

आता बॉक्सविषयी. पिट, गॅलरी आणि बॉक्स या तीन दर्जांची ओळख आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या जाहिरातींतून मराठी वाचकाला आहेच, आणि रंगमंचावर हुर्यो उठवायचा असेल तर तो कोठून उठतो हेही त्याला सांगावयास नको. बॉक्समधला प्रेक्षक फार तर जांभई देतो. आरडाओरड करतो तो पिटातला. मग मपेटांच्या नाट्यगृहात हा अधिकार बॉक्समध्ये कसा गेला, हे पाहण्यासाठी मी इंग्रजी रंगभूमीवरील प्रेक्षकांच्या उपद्रवाचा इतिहास वाचू लागलो आणि कॉव्हेंट गार्डनच्या भांडणात पुरता गुंतलो.

२० सप्टेंबर १८०८ रोजी कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह जळून भस्मसात झाले. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. जॉन फिलिप केम्बल हा त्या काळचा थोर नट तेथील व्यवस्थापक व भागीदार होता. बरोबर वर्षाच्या आत, १८ सप्टेंबर १८०९ रोजी, त्याने नव्या भव्य इमारतीत ‘मॅक्बेथ’चा प्रयोग लावला, पण बांधकामाचा खर्च भरून काढण्यासाठी बॉक्सचा दर सहा शिलिंगांवरून सात आणि पिटाचा साडेतीनवरून चार शिलिंग केला, आणि त्याहून मोठा प्रमाद म्हणजे वरचा एक मजला श्रीमंतांना वर्षभराच्या कराराने देण्यासाठी खासगी बॉक्समध्ये तोडून टाकला. त्यामुळे गॅलरीतल्या गरीब प्रेक्षकाला इतक्या उंच आणि इतक्या उभ्या चढणीच्या जागेत ढकलले गेले, की तेथून नटांचे पाय तेवढे दिसत. लोक त्या जागांना कबुतरखाने म्हणू लागले. पहिल्याच रात्री केम्बलचा एक शब्दही कोणास ऐकू गेला नाही. रंगमंचावर दंडाधिकारी येऊन दंगलीचा कायदा वाचून गेले, तोही ऐकू गेला नाही. पुढे सदुसष्ट रात्री हे चालले. अर्ध्या दराने आत सोडण्याची वेळ झाली की जमाव शिरे, ‘जुने दर’ या अर्थाची ओ. पी. ही अक्षरे टोप्यांवर मिरवी, रंगमंचाकडे पाठ करून बाकांवर ताल धरून नाचे, घंटा, खुळखुळे आणि शिंगे वाजवी. केम्बलने डॅनियल मेंडोझा या नामांकित मुष्टियोद्ध्याला साथीदारांसह पिटात उतरविले. त्याने प्रकरण शमण्याऐवजी चिघळले.

या गर्दीतला एक माणूस मला विशेष प्रिय झाला आहे, आणि रंगभूमीच्या इतिहासांत त्याला दोनचार ओळींपलीकडे जागा मिळत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. हेन्री क्लिफर्ड हा पेशाने बॅरिस्टर. एका रात्री तो टोपीवर ती दोन अक्षरे लावून नाट्यगृहात आला, आणि प्रेक्षकांनी त्याला ओळखून जयघोष केला. बॉक्सचा रखवालदार जेम्स ब्रँडन याने त्याला धरून बो स्ट्रीटच्या कचेरीत हजर केले. दंडाधिकाऱ्याने त्याला सोडून दिले. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन झोपला असता; क्लिफर्डने ब्रँडनवर हल्ल्याची आणि बेकायदा अटकेची फिर्याद गुदरली. त्या खटल्यात सरन्यायाधीश सर जेम्स मॅन्सफील्ड यांनी ज्यूरीपुढे जे निवेदन केले ते कायद्याच्या अहवालांत उतरले आहे, आणि एखाद्या नाट्यसमीक्षकाने आयुष्यभर जवळ बाळगावे अशा योग्यतेचे ते आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: प्रयोग पाहताना त्या क्षणी मनात जी भावना सहजगत्या उत्पन्न होईल ती टाळ्या वाजवून अथवा धिक्कार करून मोकळेपणाने व्यक्त करण्याचा प्रेक्षकाला निःसंशय हक्क आहे, परंतु एखाद्या नटाला वा नाटकाला पाडायचेच असा निश्चय आधी करून जर लोक जमले, तर तो हक्क उरत नाही, तो दंगा होतो. न्यायाधीशांचा कल उघड उघड ब्रँडनच्या बाजूचा होता. ज्यूरीने तरीही क्लिफर्डच्या बाजूने निकाल देऊन पाच पौंड भरपाई मंजूर केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत केम्बलने क्राउन अँड अँकर या खानावळीत प्रेक्षकांच्या पुढाऱ्यांशी तह केला: पिटाचा दर पूर्ववत साडेतीन शिलिंग झाला, खासगी बॉक्स कमी करण्याचे ठरले, फिर्यादी मागे घेण्यात आल्या, आणि बिचारा ब्रँडन बडतर्फ झाला.

मॅन्सफील्ड यांची ही कसोटी हाती आल्यावर मी स्टॅटलर आणि वाल्डॉर्फ यांना तिच्यापुढे उभे केले. ते निश्चय करून येतात का? कार्यक्रमाच्या नांदीगीतात त्यांच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत, आणि तेथे ते स्वतःच सांगतात, की आपण इथे पुन्हा पुन्हा का येतो हे आपल्यालाही उमगत नाही. ज्याला आपल्या येण्याचे कारण ठाऊक नाही त्याच्यावर पूर्वनिश्चयाचा आरोप कसा ठेवणार? शिवाय त्यांचा एक गाजलेला प्रवेश आहे. खेळ संपताच दोघे उत्स्फूर्त वाहवा करू लागतात. मग एकजण ती किंचित आवरती घेतो, दुसरा तीहून थोडी कमी करतो, एकेका वाक्यासरशी ‘अप्रतिम’चे ‘बरे’, ‘बऱ्या’चे ‘ठीक’ आणि ‘ठीक’चे ‘भिकार’ होत जाते, आणि शेवटी दोघेही धिक्काराच्या आरोळ्या ठोकीत असतात. या अर्ध्या मिनिटात माणसाचे मत कसे घडते याचे इतके सूक्ष्म दर्शन आहे, की मी ते थांबवून थांबवून पाहिले आहे. सूर बदलताना स्टॅटलरची मान किती अंशांनी वळते आणि वाल्डॉर्फच्या भरघोस मिशा किती वर उचलल्या जातात, तेही तेथे पाहण्यासारखे आहे. येथे पूर्वग्रहाचा लवलेश नाही. आहे ती क्षणाक्षणाला बदलणारी, पण त्या त्या क्षणी प्रामाणिक अशी प्रतिक्रिया, म्हणजे न्यायाधीशमहाराजांनी जिला हक्क म्हटले तीच. या दोघांना केवळ नकारघंटा वाजविणारे म्हणून ओळखणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते.

एल्स्ट्रीच्या स्टुडिओत प्रेक्षक बसविलेले नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे. पडद्यावर ऐकू येणारे हसे मागाहून भरलेले. त्या साऱ्या इमारतीत आवडनिवड असलेला, नाव असलेला, तोंडावर बोलणारा असा प्रेक्षक कोण, तर हे दोघे.

त्यांच्या माऱ्याखाली सर्वाधिक सापडे तो फॉझी अस्वल, फ्रँक ऑझ यांच्या हातातला तो केविलवाणा विनोदवीर. पहिल्याच हंगामात ब्रूस फॉर्सिथ पाहुणा म्हणून आला असताना, लंडन पॅलेडियमच्या कार्यक्रमांनी मुरलेला तो सूत्रधार फॉझीला धीर देऊन या म्हाताऱ्यांच्या समोर उभा करतो. दुसऱ्या हंगामात मिल्टन बर्ल आला, आणि तेथे गोष्ट अधिक गंभीर झाली. आपण अर्धे आयुष्य यशस्वी विनोदी नट होतो असे बर्ल अभिमानाने सांगतो, तेव्हा मग नेमका हा उरलेला अर्धा भाग आमच्या वाट्याला कसा आला, असा प्रश्न वरून येतो. इथे खाली येऊन तुम्ही विनोद करून दाखवा असे तो आव्हान देतो, तर आधी तुम्ही करा, असे उत्तर मिळते. बर्लला हा मारा नवा नव्हता. १९६६ सालच्या त्याच्या स्वतःच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात अर्व्हिंग बेन्सन हा बर्लेस्कच्या रंगमंचावर वाढलेला नट, सिडनी स्प्रिट्झर या नावाने बॉक्समध्ये बसून त्याचा असाच पाणउतारा करीत असे. १९१४ मध्ये जन्मलेला बेन्सन २०१६ मध्ये, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी निवर्तला. बॉक्समधून टोमणे मारण्याची परंपरा हेन्सन यांच्या आधीची होती, आणि तिचा वाहक आपल्या काळापर्यंत हयात होता, ही गोष्ट मपेटांच्या चाहत्यांनी अधिक आदराने सांगावयास हवी.

तथापि बर्ल आणि बेन्सन ही दोन माणसे होती, दोन तोंडे होती. आपल्याकडे यशवंत पाध्ये यांनी घडविलेला आणि रामदास पाध्ये यांनी बोलका ठेवलेला अर्धवटराव आपल्या मालकालाच उलट उत्तरे देतो, तेव्हा दोघांचा आवाज एकाच कंठातून येतो हे प्रेक्षक जाणून असतो आणि त्यातच त्याला मौज वाटते. एल्स्ट्रीला तो कंठ दृष्टीआड होता. केर्मिट, म्हणजे त्या नाट्यगृहाचा व्यवस्थापक, जिम हेन्सन यांच्या आवाजात बोले. आणि वाल्डॉर्फही हेन्सन यांच्याच आवाजात बोले. स्टॅटलरचा आवाज रिचर्ड हंट यांचा. आणि ज्याच्या काकाच्या मालकीचे ते नाट्यगृह, त्या स्कूटरचाही आवाज हंट यांचाच. म्हणजे व्यवस्थापक आणि त्याचा निंदक, मालकाचा पुतण्या आणि त्याचा निंदक, एकाच देहात नांदत होते. केम्बलने आपल्या निंदकांसाठी रखवालदार आणि मुष्टियोद्धे पाळले. हेन्सन यांनी निंदकाला बॉक्स दिला, तिकिटाचा मान दिला, आणि आपला स्वतःचा आवाज दिला. कलावंताने आपल्या कृतीविषयीचा संशय इतक्या उघडपणे, आठवड्यामागून आठवडा, लोकांपुढे मांडल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हेन्सन चाळिशीला टेकलेले होते आणि हंट अवघे पंचवीस वर्षांचे. रंगमंचाच्या पातळीखाली उभे राहून, उजवा हात डोक्यावर धरून, समोरच्या पडद्यावर नजर ठेवीत या दोन तरुणांनी म्हातारपण वठविले. आणि दोघांपैकी एकालाही ते लाभले नाही. हेन्सन १६ मे १९९० रोजी त्रेपन्नाव्या वर्षी गेले. हंट ७ जानेवारी १९९२ रोजी एड्सने गेले, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी आलेल्या ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’ या चित्रपटात डिकन्सच्या कथेतील एकट्या जेकब मार्लीच्या भुताचे दोन भाऊ करण्यात आले, जेकब आणि रॉबर्ट, केवळ या जोडीला भूमिका मिळावी म्हणून. बेड्या खळखळवीत येणारी ती दोन भुते तेथेही आपल्या विनोदावर आपणच हसतात. जेरी नेल्सन यांनी तेव्हा पुन्हा स्टॅटलर हाती घेतला, कारण १९७५ च्या नमुन्याच्या भागात तो त्यांचाच होता. पुढे तो स्टीव्ह व्हिटमायर आणि नंतर पीटर लिन्झ यांच्याकडे गेला. वाल्डॉर्फ मात्र तेव्हापासून डेव्ह गोएल्झ यांच्याकडे आहे. गोएल्झ यांचा जन्म १९४६ चा. वाल्डॉर्फच्या वयाला खरोखर पोहोचून वाल्डॉर्फ बोलविणारे ते पहिलेच.