लबाड वही परवडली, शिळी नाही

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची 'लिव्हिंग कॉस्ट्स अँड फूड सर्व्हे' नावाची एक पाहणी आहे. टपाल खात्याच्या पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरे निवडली जातात आणि वर्षाच्या बावन्न आठवड्यांवर ती पसरली जातात, म्हणजे नाताळची खरेदी आणि जानेवारीतली काटकसर दोन्ही हिशेबात येतात. आधी मुलाखतकार घरी येतो. भाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, विमा, गेल्या वर्षभरात घेतलेली गाडी, अशी मोठी आणि ठरलेली देणी तो विचारून घेतो. मग घरातल्या प्रत्येक प्रौढाचे उत्पन्न येते: पगार, धंद्यातली कमाई, सरकारी भत्ते, पेन्शन. जमल्यास पगाराची स्लिप समोर ठेवूनच उत्तर मागितले जाते. यानंतरचे काम घरच्यांचे. सोळा आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाने चौदा दिवस आपला खर्च वहीत उतरवायचा, सात ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी सोपी वही. नुसते 'किराणा, अमुक पौंड' लिहून भागत नाही. दूध कसले, मलईचे की साय काढलेले, किती, चीज किती ग्रॅमचे, चिप्स घरी आणून खाल्ले की दुकानातच? दुकानाची पावती चिकटवली तरी चालते. पुढे पावतीवरची ती तुटक अक्षरे वाचून एकेका वस्तूला सांकेतिक क्रमांक देणारी माणसे कार्यालयात बसलेली असतात. पाहणीतला हा भाग सर्वांत कंटाळवाणा, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचाही.

या वहीवर काय काय उभे आहे हे पाहिले की कंटाळ्याची किंमत कळते. महागाईचा निर्देशांक म्हणजे केवळ भावांची यादी नव्हे. कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचे हे ठरल्याशिवाय भाव निरर्थक असतात, आणि ते वजन लोकांच्या खर्चावरून ठरते. ब्रिटनच्या जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकाची वजने मुख्यतः याच पाहणीतून येतात. नव्या ग्राहक निर्देशांकाकडे तिचे आकडे राष्ट्रीय लेख्यांच्या आडवाटेने पोहोचतात. सरकारी पेन्शनची दरवर्षीची वाढ, निर्देशांकाशी बांधलेल्या सरकारी रोख्यांचा परतावा, अशा कित्येक गोष्टींच्या मुळाशी कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलावरची ती वही असते. तिच्यावर आक्षेप पुष्कळ आहेत आणि बहुतेक खरेही आहेत. तरीही खोटी नोंद ही या पाहणीची खरी शत्रू नाही असे माझे म्हणणे आहे. लबाड वही दुरुस्त करता येते. शिळी वही आणि न लिहिलेली वही मात्र दुरुस्त होत नाही.

शिळ्या वहीचा दाखला ब्रिटननेच घालून दिला आहे. १९०४ साली बोर्ड ऑफ ट्रेडने शहरी कामगारांच्या १,९४४ कुटुंबांचे हिशेब गोळा केले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जो राहणीमान खर्चाचा निर्देशांक सुरू झाला, त्याची वजने याच हिशेबांवर बेतली: अन्नाला ६० टक्के, भाड्याला १६, कपड्यांना १२, इंधन-उजेडाला ८ आणि उरलेल्या साऱ्या जगाला ४. ही वजने १९४७ पर्यंत चालली. मधल्या चाळीसेक वर्षांत घरात विजेचा दिवा आला, सिनेमा आला, बस आली; निर्देशांकात मात्र मेणबत्त्याच जळत राहिल्या. १९३७-३८ मध्ये कामगार मंत्रालयाने नवी पाहणी केली तेव्हा अन्नाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे दिसले, पण युद्ध लागले आणि ती वही कपाटात गेली. पुढचे तर फारच बोलके आहे. पगारवाढीच्या मागण्या निर्देशांकाशी जोडलेल्या असल्याने १९४१ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री किंग्जली वुड यांनी तो आकडाच स्थिर ठेवण्याचे ठरवले. यादीतल्या खाद्यपदार्थांना अनुदान मिळाले. यादीत बिअर नव्हती आणि तंबाखूला नगण्य जागा होती, त्यामुळे त्यांच्यावर कर कितीही चढवला तरी निर्देशांक हलत नसे. १९०४ सालच्या त्या कुटुंबांपैकी एकानेही खोटे लिहिले नसेल असे धरून चालू. त्यांच्या खरेपणाने १९४१ च्या कामगाराला काय मिळाले?

याच अनुभवातून १९५७ पासून दरवर्षीची 'फॅमिली एक्स्पेंडिचर सर्व्हे' सुरू झाली. युद्धकाळात रेशनिंगचा परिणाम तपासण्यासाठी १९४० साली सुरू झालेली अन्नपाहणी २००१ मध्ये तिच्यात मिसळली गेली, आणि आजचे नाव २००८ पासूनचे. दरवर्षी विचारल्यामुळे काय दिसते? १९५७ मध्ये घराच्या खर्चातला तिसरा हिस्सा अन्नावर जाई आणि निवाऱ्यावर ९ टक्के. साठ वर्षांनी अन्न १६ टक्क्यांवर आले होते आणि निवारा १८ वर गेला होता. तंबाखू ६ टक्क्यांवरून एकावर उतरली. एका पिढीचे पोट भरले आणि पुढच्या पिढीचा पगार घरमालकाकडे किंवा बँकेकडे वळला, ही ब्रिटनच्या साठ वर्षांची गोष्ट कोणत्याही एका वर्षाच्या पाहणीतून दिसली नसती.

आता पहिला आक्षेप: लोक खरे लिहीत नाहीत. नाहीच लिहीत. दारू आणि सिगारेटवरचा वहीतला खर्च देशभराला लावून पाहिला तर करखात्याकडे जमा झालेल्या उत्पादन शुल्काशी तो जुळत नाही, बराच कमी भरतो. चॉकलेट-गोळ्यांचेही तसेच. काही लपवतात आणि काही विसरतात. पबमध्ये तिसऱ्या ग्लासानंतर कोण पेन काढणार? पहिल्या आठवड्याच्या मानाने दुसऱ्यात नोंदी रोडावतात, हेही जुने निरीक्षण. पण हा खोटेपणा एका दिशेचा आहे आणि त्याची दिशा ठाऊक आहे. म्हणून किरकोळ किंमत निर्देशांकाची वजने ठरवताना या वस्तूंसाठी बाहेरचे आकडे घेऊन दुरुस्ती केली जाते. याहून नाजूक प्रश्न उत्पन्नाचा. सर्वांत कमी उत्पन्न सांगणाऱ्या घरांचा खर्च त्यांच्याहून थोडे अधिक उत्पन्न सांगणाऱ्या घरांपेक्षा जास्त दिसतो. माइक ब्रूअर, बेन एथरिज आणि कॉर्मॅक ओडे या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली याची छाननी केली, आणि त्यांचा रोख मुख्यतः उत्पन्न कमी नोंदले जाण्याकडे होता. ही गफलत उघड झाली ती एकाच घराला कमाई आणि खर्च दोन्ही विचारले म्हणूनच. आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणीने १९५० पासून भर दिला तो खर्चावर. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचे जे गणित मांडले तेही खर्चाच्याच आकड्यांवर. भारतात कमाई विचारणे अवघड हे मान्य, पण उलटतपासणीची ही सोय त्यात हरवते. शिवाय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत 'गेले सात दिवस' आणि 'गेले तीस दिवस' असे दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्यामुळे गरिबीच्या आकड्यांवर जो वाद पेटला, तो पाहता रोजच्या रोज लिहिण्याची ब्रिटिश पद्धत महाग असली तरी आठवणीवर कमी विसंबते एवढे तिच्या बाजूने म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप शिष्टाचाराचा: कोणाच्या घरातल्या हिशेबात सरकारने नाक का खुपसावे? १९४० मध्ये माहितीमंत्री डफ कूपर यांच्या खात्याचे पाहणीदार दारोदार फिरू लागले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना 'कूपरचे हेर' म्हणून झोडपले होते. आजची पाहणी ऐच्छिक आहे, दार लावून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हिशेब न विचारल्याने गरिबाची अब्रू राखली जाते, हे मला पटत नाही. १९०९ नंतरची काही वर्षे फेबियन विमेन्स ग्रुप या समाजवादी गटाच्या स्त्रिया लंडनच्या लॅम्बेथ भागात आठवड्याला पौंडभर मिळवणाऱ्या घरांत जात. तिथल्या बायकांनी आठवड्याचे जमाखर्च लिहिले, आणि जिला लिहिता येत नसे तिच्यासाठी नवरा किंवा शाळकरी पोर लिही. गटातल्या मॉड पेंबर रीव्हज यांनी १९१३ मध्ये ते पुस्तकरूपात मांडले. त्या हिशेबांत एक ओळ जवळपास प्रत्येक घरी दिसते: अंत्यविधीचा विमा. दर आठवड्याला प्रत्येक मुलामागे एक पेनी, आईचे दोन, बापाचे तीन. मुलांना पोटभर दूध नाही आणि मढ्यासाठी हप्ता भरताय, असे उपदेशकांना वाटे. मुले खरोखरच मरत, आणि विमा नसेल तर एक तर उसनवारी किंवा भिकाऱ्यासारखे दफन एवढेच पर्याय उरत, हे त्या हिशेबांसोबत पुढे आले. उधळपट्टीचा आरोप परतवायला त्या बायकांकडे पेनी-पेनीच्या नोंदीखेरीज दुसरे हत्यार नव्हते.

तिसरा आक्षेप सर्वांत आजचा आणि वरकरणी सर्वांत बळकट. कार्ड, ऑनलाइन खरेदी, दुकानातले स्कॅनर हे सारे आपोआप नोंदवतात. महासाथीच्या काळात बँक ऑफ इंग्लंडच्या मदतीने कार्डावरच्या खर्चाचा अंदाज आठवड्याच्या आठवड्याला निघू लागला. मग वहीची कटकट हवी कशाला? दोन्हींचे काम वेगळे आहे म्हणून. कार्डाला सुपरमार्केटचे नाव आणि रक्कम कळते, पिशवीत काय होते ते कळत नाही. स्कॅनरला पिशवीतले कळते, पण ती कोणत्या घरी गेली, त्या घरात खाणारी तोंडे किती आणि आवक किती, हे त्याच्या गावीही नसते. जानेवारी २०२२ मध्ये जॅक मन्रो या लेखिकेने सर्वांत स्वस्त जिन्नसच सर्वांत वेगाने महागले आहेत आणि सरकारी निर्देशांकाला ते दिसत नाही, अशी तक्रार केली. सांख्यिकी कार्यालयाने सुपरमार्केटांच्या संकेतस्थळांवरून ३० स्वस्त पदार्थांचे भाव काढले. एप्रिल २०२२ पर्यंतच्या वर्षात पास्ता ५० टक्के चढला होता, बटाटे १४ टक्के उतरले होते, आणि सरासरी एकूण खाद्यमहागाईच्या जवळपासच निघाली. दोन्ही बाजूंनी आपलेच खरे ठरल्याचे मानले. वास्तविक पास्त्यावर दिवस काढणारी घरे किती आणि बटाट्यावर किती, हे कळल्याखेरीज त्या सरासरीचा अर्थच लागत नाही, आणि ते सांगणारी गोष्ट वहीच आहे.

घर म्हणजे काय, हा तिढाही कोणतेही यंत्र सोडवत नाही. मुंबईच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२३ मध्ये गिरणगावातल्या कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल काढला, तेव्हा एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे हिशेब वेगळे ठेवावे लागले होते. त्यांच्या कमाईतला मोठा वाटा गावी जाई. चूल तिकडे आणि पगार इकडे. आज ब्रिटनमधल्या हॅरो किंवा स्लाउमधल्या मराठी घराच्या वहीतही 'परदेशी पाठवलेले पैसे' ही बाब भरता येते. पुण्यातल्या आईवडिलांच्या औषधांचा आणि मोलकरणीचा खर्च तिथे एका आकड्यात मावतो. ब्रिटिश आकडेवारीत तो संसाराचा खर्च म्हणून उतरणार नाही, पैशांचे हस्तांतर म्हणूनच उतरेल. व्याख्या पत्त्याशी बांधलेली असल्याने वृद्धाश्रम, वसतिगृहे आणि निवारागृहेही पाहणीबाहेर राहतात. हे उणेपण मोठे आहे. कार्डाच्या नोंदींत मात्र घर मुळातच नसते, म्हणून तिथे या उणेपणाचा पत्ताही लागत नाही.

मला चिंता वाटते ती न लिहिलेल्या वह्यांची. १९७०-८० च्या दशकांत निवडलेल्या घरांपैकी सुमारे ७० टक्के सहभागी होत. २०१० नंतर प्रमाण निम्म्यावर आले, आणि महासाथीनंतर आणखी घसरले. अशा घसरणीचा शेवट कुठे होतो हे याच कार्यालयाच्या श्रमशक्ती पाहणीने दाखवले: तिचा प्रतिसाद १७ टक्क्यांच्या आसपास आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध करणेच काही काळ थांबवावे लागले. न आलेल्या घरांची भरपाई वय, लिंग, प्रदेश पाहून उरलेल्यांना जास्त वजन देऊन करतात. पण दोन पाळ्यांत राबणाऱ्या घराला वही भरायला फुरसत नसेल, तर त्याच वयाचे आणि त्याच भागातले फुरसतीचे घर त्याच्या वतीने काय सांगणार? दारूच्या नोंदीला उत्पादन शुल्काचा ताळा आहे. या गैरहजेरीला तसा ताळा नाही.

यावर पाहणी सुटसुटीत करण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्यातला अर्धा मला मान्य आहे. चौदा दिवसांऐवजी सात दिवसांची वही आणि त्या बदल्यात अधिक घरे, हा सौदा वाईट नाही. युद्धकाळातली अन्नपाहणी एका आठवड्याचीच होती, आणि दुसऱ्या आठवड्यातल्या रोडावलेल्या नोंदींसाठी एवढा अट्टहास कशाला! पूर्ण वही भरणाऱ्या प्रौढाला वर्षानुवर्षे १० पौंड आणि मुलाला ५ पौंड दिले जात. दोन आठवड्यांच्या चिकाटीचा हा मोबदला कंजूषपणाचाच होता. पण सल्ल्याचा दुसरा अर्धा, म्हणजे मुलाखतकाराला वगळून नुसता ऑनलाइन दुवा पाठवून द्यावा, तो मान्य होण्यासारखा नाही. वही दिल्यानंतर मधल्या दिवसांत तो माणूस पुन्हा येतो, पाने चाळतो, मंगळवार कोरा का ते विचारतो, ऑफिसातल्या कॉफीची, मुलाच्या शाळेतल्या जेवणाची आठवण करून देतो, आणि शंका असेल तिथे बसून भरून घेतो. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या घरात, किंवा चार भाडेकरूंचे चार फ्रिजचे कप्पे असलेल्या घरात, त्याच्याशिवाय वही सुरूच होत नाही. पहिली कात्री मात्र त्याच्याच प्रवासखर्चाला लागते.